तिसरी तुकडी

सामना सुरू होण्याआधी आमचे ड्रिलमास्तर डोक्यावरची खाकी टोपी काढत, तिनं समोरची धूळ झटकत आणि मांडी घालून खाली बसत. खेळणाऱ्या पोरांपाशी नव्हे. ज्यांना त्या दिवशी पळायला मिळणार नाही, त्यांच्या शेजारी. तिकडं समोरचा संघ अंग मोकळं करतोय, बघे ओरडताहेत, पंच हाका मारून कंटाळलेत, आणि हे आपले एकेका पोराच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगताहेत.

"आधी बसणाऱ्याला सांगावं, गुरुजी," ते मला म्हणत. "खेळणाऱ्याला काय, शिट्टी सांगती."

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होतो. खेळाशी माझा संबंध म्हणाल तर माझ्याकडे मनगटी घड्याळ होतं, एवढाच. त्या एका पात्रतेवर मला सामन्यांची वेळ बघायला बसवलं होतं. अंगानं मी काडी. मास्तर म्हणायचे, "गुरुजी, तुमाला पळाया लावलं तर सावली पुढं जाईल, तुमी मागं ऱ्हाशीला." असल्या थट्टेचा मला राग यायला हवा होता, पण त्या माणसाच्या तोंडून ती लागायची नाही. कारण लगेच विडी पुढं करायचे.

खो-खो तुम्ही पाहिलेला असणारच. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. पाठलागाला नऊच्या नऊ गडी लागतात, पण पळायला तिघंतिघंच उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. पहिल्या दोन तुकड्यांनीच वेळ काढला, तर तिसरी तुकडी राहिली बाहेरच्या बाहेर. आणि पोरांचा जीव असतो तो पळण्यात. हूल द्यायची, खांबाला वळसा मारायचा, पाठलाग करणाऱ्याला तोंडघशी पाडायचं, आणि भोवती सगळा गाव "वा रं गड्या!" म्हणून ओरडतोय. ते ज्याच्या वाट्याला येत नाही त्याला विचारा.

मास्तर त्याला विचारत नसत. त्याला सांगत.

"बाळू, तुजा दम चांगला हाय. पर वळताना तू बैलगाडीवानी वळतोस. आधी धुरा, मग चाकं, मग मागला माणूस. दिवाळीपतोर वळाया शीक, मग मी हाय आन् तू हायस." हे ऐकून बाळू हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच खांबाभोवती गरगर फिरताना दिसायचा. एका पोराला ते म्हणाले होते, "तुज्यात काय बी खोट न्हाई. आज त्यांचा लांब हाताचा गडी खेळतोय आन् तू उंचीला कमी पडतोस, एवढंच. उद्या तूच." आणि उद्या खरंच तोच असायचा.

एकदा गावातले एक मोठे वकील शाळेत तणतणत आले. त्यांच्या चिरंजीवांना तिसऱ्या तुकडीत टाकलं होतं. "माझ्या मुलाला का बसवलं? कारण काय?" मास्तर ताठ उभे राहिले. मोठ्या माणसापुढं ते नेहमी पलटणीतल्यासारखे उभे राहत.

"कारण त्याला दिलंय, सायेब."

"मग मला सांगा!"

"ते कसं सांगू? ते त्याचं हाय. त्याला इचारा, त्याला वाटलं तर सांगंल."

वकीलसाहेब कोर्टात कधी असे हरले नसतील. घरी जाऊन त्यांनी मुलाला विचारलं, तर मुलगा म्हणे, "मी पडायला घाबरतो, बाबा. मास्तर म्हणाले, पडायला शिकलास की पहिल्या तुकडीत घेतो." हे मला वकिलांनीच पुढं सांगितलं. सांगताना ते हसत होते, पण त्यांचा आवाज जरा बदलला होता. मला वाटतं, त्यांचा मुलगा त्यांच्याशी तेवढं मोकळं त्याआधी कधी बोलला नसावा.

मास्तर मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्याही पलीकडचे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले, हवालदार होऊन सुटलेले. बायको लवकर गेली. मागं एक मुलगा, हणमंता. शाळेच्या मागच्या एका खोलीत बापलेक राहत. मास्तर चुलीपुढं बसून भाकरी थापत आणि भाकरी फुगली नाही की तिला पलटणीच्या हिंदीत शिव्या देत.

ही बसणाऱ्याला सांगायची रीत कुठून आली, ते त्यांनी मला एकदा त्या चुलीपुढंच सांगितलं. बसऱ्याकडं असताना त्यांची तुकडी पुढं निघाली आणि ह्यांना मागं ठेवलं, खेचरांपाशी. कुणी काही बोललं नाही. नाव पुकारलं नाही, म्हणजे थांबायचं, बस. पुढं गेलेल्यांतले पुष्कळ परत आलेच नाहीत.

"मग बरंच झालं की, मास्तर," मी म्हणालो.

"बरं? आवं गुरुजी, अजून झोपंत इचार येतो. मला का ठिवलं? भ्याड वाटलो? का कामाचा वाटलो? का नुसता इसरला त्यो सायेब?" त्यांनी भाकरी उलटली. "बसवल्याचं दुख न्हाई. का बसवलं ते कळलं न्हाई की माणूस सवताच कारणं काढत बसतो. आन् सवता काढल्याली कारणं लय वाईट असत्यात."

हणमंता तेव्हा दाराशी बसून कांदा फोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

आता ह्या हणमंताविषयी सांगायला हवं. शाळेत त्याच्यासारखा पळणारा दुसरा नव्हता. मला खेळातलं काही कळत नाही हे मी आधीच कबूल केलंय, पण तो पळायला लागला की माझं घड्याळाकडं लक्ष राहायचं नाही. सुरुवातीला मास्तरांनी त्याला पहिल्या तुकडीत घेतलंही होतं. दसऱ्याच्या सुमारास गावातल्या गावात एक सामना झाला. मास्तर स्वतः पंच होते. हणमंता काही केल्या बाद होईना. तेवढ्यात कुंपणावर बसलेला कुणीतरी टारगट ओरडला, "बापाची शिट्टी, पोराची पळती! कशाला बाद हुतोय!" चारचौघं हसले. संपलं.

पण मास्तरांच्या बाबतीत संपलं नाही. पुढच्या सामन्यापासून हणमंता तिसऱ्या तुकडीत गेला, आणि तिथंच राहिला. सामन्याआधी मास्तर टोपीनं धूळ झटकून बसत, बाळूला सांगत, वकिलांच्या मुलाला सांगत, आणि हणमंताची पाळी आली की उठत आणि टोपी डोक्यावर ठेवून निघून जात. मी हे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. शेवटी राहवेना.

"मास्तर, सगळ्यांना सांगता. हणमंताला सांगितलंत का?"

"त्याला काय सांगायचं?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "त्यो तर माजाच हाय की. घरच्याला कुनी सांगत बसतंय व्हय?"

आपल्याकडं हे असंच असतं बघा. पाहुण्याला पाट, घरच्याला जमीन. परक्याची मनं जपता जपता घरच्याचं मन म्हणजे वापरातलं भांडं होऊन जातं. मीही विषय बदलला, कारण माझ्या घरीही तसंच होतं.

मग सांगलीचे सामने आले. आम्ही रेल्वेनं गेलो. मैदान नदीकडच्या अंगाला होतं, गर्दी तुफान. अखेरचा सामना शेवटच्या पाळीपर्यंत ओढला गेला. पळती आमची होती. तेवढा वेळ काढला की झालं. पहिली तुकडी झाली. दुसऱ्या तुकडीतले दोघं बाद झाले आणि राहिला तो एकटा बाळू. दिवाळीपर्यंत वळायला शिकलेला बाळू! तो असा काही पळाला की सांगलीची माणसंसुद्धा त्याला टाळ्या देत होती. इकडं बाहेर तिसरी तुकडी उठून उभी राहिली होती. हणमंता सगळ्यांच्या पुढं, चुन्याच्या रेघेला अंगठा लावून. अख्ख्या सामन्यात तो पळालेला नव्हता.

बाळू बाद झाला. हणमंतानं आत एक पाय टाकला, आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो होतो. पोरांनी बाळूला खांद्यावर घेतलं, माझंही उपरणं त्या गडबडीत कुठंतरी गेलं. हणमंता तसाच उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. मग त्यानं आतला पाय उचलून बाहेर घेतला. मास्तर त्याच्यासमोरून गेले. मला वाटलं, आता तरी थांबतील. ते म्हणाले, "पाण्याची घागर उचल रं, गाडी चुकंल." हणमंतानं घागर उचलली.

परत येताना तो डब्याच्या दाराशी बसला होता. मास्तर आत, पोरांच्या घोळक्यात. त्या दिवसांत दुसऱ्या महायुद्धाची लढाई जोरात होती आणि साताऱ्यात भरती चालू होती. थोड्याच दिवसांत एका सकाळी हणमंता खोलीत नव्हता. मास्तरांना वाटलं, पाणी आणायला गेला असेल. तो भरती होऊन गेल्याचं त्यांना बाळूकडून कळलं. जाताना त्यानं बाळूला सांगितलं होतं, बापाला नाही.

मास्तर त्या दिवशी ड्रिल घ्यायला आले. पोरांना रांगेत उभं केलं, शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आज खेळा आपलं तुमचं तुमी."

त्यानंतरची वर्षं त्यांनी कशी काढली, ते मी पाहिलंय. एरवी बोलका माणूस, तो आटून गेला. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप, पोरं गावोगाव पांगलेली, आणि हे भल्या सकाळी मैदानावर एकटे, वाकून फक्कीच्या रेघा मारताहेत. मी एकदा म्हणालो, "मास्तर, सुट्टीत कोण खेळणार?"

"रेघा पुसल्या की पुन्ना मापाया लागतंय," म्हणाले. पण तिसरी तुकडी जिथं बसते तिथली जागासुद्धा ते झाडून ठेवत. तिला कसलं माप?

मनातली गोष्ट त्यांनी मला कधीतरी सांगितली. त्यांना हणमंताला कारण सांगायचं होतं. तेवढं एकच. मी म्हणालो, "मी पत्र लिहून देतो, तुम्ही सांगा." तर मान हलवली. "कागदावर न्हाई, गुरुजी. हे शेजारी बसून सांगायचं आसतंय. त्यो येऊ दे नुसता." येऊ दे नुसता! लढाईवर गेलेल्या पोराबद्दल हे वाक्य म्हणायला छाती लागते.

कधीकधी संध्याकाळी ते मला त्या झाडलेल्या जागेवर बसवायचे. "तुमी हणमंता व्हा." मी हणमंता व्हायचो, माझ्या बरगड्यांसकट. ते टोपीनं धूळ झटकून शेजारी बसायचे, माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हणमंता, बाळ..." आणि पुढं शब्दच यायचा नाही. परक्या पोरांना इतकं सांगणारा हा माणूस, पण स्वतःच्या पोरापुढं, तेही खोट्या पोरापुढं, त्याची जीभ उचलत नव्हती. "ऱ्हाऊ दे, गुरुजी. उद्या." पुष्कळ उद्या गेल्या.

लढाई संपली आणि हणमंता सुटून येतोय असं कळलं. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. थंडीत शाळेचा माजी विद्यार्थ्यांशी सामना असायचा. मास्तरांनी आपली आजवरची रीत मोडून सगळ्या गावाला आधीच सांगून टाकलं, "माजी गड्यांच्यात पयल्या तुकडीत हणमंता. त्यात बदल न्हाई." भेटेल त्याला सांगत सुटले. मला तर दिवसातून कितीदा सांगितलं, देव जाणे.

हणमंता मोटारीतून उतरला तेव्हा मी मास्तरांच्या बरोबर होतो. आधी ट्रंक उतरली. मग एक काठी खाली टेकली. मग तो उतरला. त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

मास्तर पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कळवलं न्हाईस रं?"

हणमंता रागावला नव्हता. अगदी शांतपणे म्हणाला, "आपल्या घरात सांगायची रीत कुठं हाय, आबा?"

मी ट्रंक उचलायच्या निमित्तानं खाली वाकलो. मला ती उचलणार नव्हती, पण वर बघायची सोय नव्हती.

सामन्याचा दिवस आला. हणमंता येऊन बरोबर त्या झाडलेल्या जागेवर बसला, पाय लांब करून, काठी शेजारी ठेवून. मी घड्याळ घेऊन जवळच होतो. मास्तर पंच होते. ते आले, टोपी काढली, धूळ झटकली आणि हणमंताच्या शेजारी बसले. त्याच्या त्या ताठ गुडघ्यावर हात ठेवला.

"आज तुला बसावं लागतंय," म्हणाले.

"कारण दिसतंय की, आबा."

"आजचं न्हाई. सांगलीचं सांगतो." आणि मग, इतकी वर्षं न फुटलेलं बोलणं एकदम फुटलं. "तू सगळ्यांत भारी पळत हुतास. पयल्या तुकडीत तूच पायजे हुतास. लोक म्हनले, बापाची शिट्टी. त्याला मी भ्यालो. तुज्यात काय बी कमी न्हवतं, बाळा. माज्यात हुतं."

हणमंतानं शेजारची काठी हातात घेतली. समोर पोरं उभी राहून राहून कंटाळली होती.

"एवढंच व्हय, आबा?"

"एवढंच."

"मला वाटलं, मी तुमाला आवडतच न्हाई." तो काठीनं मातीत रेघ ओढत होता. "तिकडं बर्मात सायेब म्हनायचा, दबून ऱ्हावा, पुढं जाऊ नगा. आन् मी उठून पळायचो. वाटायचं, कवातरी तुमच्या कानावर जाईल, हणमंता कसा पळतो ते. तसंच एकदा पळताना ह्यो पाय गेला."

मास्तरांचा हात गुडघ्यावर होता तो तसाच राहिला. मी घड्याळाकडं बघितलं. मला काटे दिसेनात. शेवटी मीच म्हणालो, "वेळ झाली, मास्तर." ते उठले, शिट्टी तोंडात धरली, पण वाजली नाही. फुंकर होती, आवाज नव्हता. मग बाळूनंच तोंडानं शीळ घातली आणि सामना सुरू झाला. त्या सामन्यात कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही.

ह्याला आता पुष्कळ दिवस झाले. मास्तर नोकरी सोडून आपल्या गावी गेले, माणच्या त्या उघड्या माळावर. आमच्याकडं नवे ड्रिलमास्तर आले आहेत, शिकून आलेले, कडक इस्त्रीचे. ते मैदानाच्या मधोमध उभे राहून खड्या आवाजात नावं वाचतात. ज्यांची नावं येतात ती पोरं उड्या मारत उठतात. उरलेली इकडंतिकडं बघतात, गवताची काडी तोडतात आणि बसून राहतात. त्यांच्याकडं बघवत नाही. ती आता काय कारणं काढत असतील, हे मला ठाऊक आहे.

मास्तरांची आठवण आली की मात्र मला तो सामना दिसत नाही. त्यानंतरची एक सकाळ दिसते. हणमंताला मुंबईत एका गिरणीच्या दारावर नोकरी मिळाली होती. त्याला निघायचं होतं. मी निरोप द्यायला गेलो तर खोलीत कुणी नाही. मैदानावर बघितलं. मास्तर तिसऱ्या तुकडीच्या जागेवर एकटेच बसले होते, समोर बघत. ट्रंक बाजूला होती. हणमंता काठी टेकत आला, डोक्यावरची पलटणीची टोपी काढली, तिनं धूळ झटकली आणि तो ताठ पाय सावरत, कष्टानं, बापाच्या शेजारी खाली बसला. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोलू लागला.

मी कुंपणापाशीच थांबलो. तो बराच वेळ बोलत होता. मास्तर मान हलवत होते. मोटारीची वेळ झाली तेव्हा तो उठला, ट्रंक एका पोराच्या डोक्यावर दिली आणि गेला. मागं वळून त्यानं हात केला. मास्तरांनीही केला, पण ते उठले नाहीत.

मी जवळ गेलो. विचारू नये ते विचारलं. "काय म्हणाला?"

"मला मागं का ठिवून चाललाय, ते सांगितलं त्यानं."

"का?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते, पण तोंडावर हसू होतं.

"कारण मला दिलंय, गुरुजी," म्हणाले. "ते माजं हाय."